फळीवर दोन ठोके

आमच्या दुकानाला लागलेली आग इतकी फुटकळ होती की बंब आला तेव्हा बंबवाल्यांना कुठलं दुकान ते विचारावं लागलं. बेंगळूरच्या चिकपेट बाजारातल्या त्या गल्लीत बंब शिरणार तरी कुठून? तो चौकातच उभा राहिला आणि दोन माणसं हेल्मेट घालून चालत आली. तोवर शेजाऱ्यांनी वाळू टाकून सगळं विझवलं होतं. जळालं काय, तर मीटरचा बोर्ड, एक पडदा, पॅकिंगच्या कागदांचा ढीग आणि चाळीसेक परकर. दुसऱ्या दिवशी पेपरात ओळसुद्धा आली नाही.

एवढ्याशा आगीनं मी पुढे कितीतरी महिने बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ करत होते. हे सांगायची तेव्हा लाज वाटायची. आताही वाटते, पण आता वय असं झालंय की लाजेचाच कंटाळा येतो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी पंचविशीची, बी.कॉम. झालेली, एकुलती एक, आणि आमच्या तीन पिढ्यांच्या साडीच्या दुकानात अण्णांच्या हाताखाली. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळूरातल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणतात, आणि तिथला बाजार कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला अण्णा म्हणतो. त्यामुळे अर्धं चिकपेट माझ्या वडिलांना अण्णा म्हणायचं. लहानपणी मला हे सगळे लोक आपले भाऊबहीण वाटायचे, आणि इतक्या जणांत अण्णा पुरणार कसे याची काळजी वाटायची.

दुकान दहा फूट रुंद. खाली पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीला कपाटं, आणि डोक्यावर लाकडी फळ्यांचा माळा. भारी रेशमी माल सगळा माळ्यावर. वर जायला शिडी एकच, आणि तीही आमची एकट्याची नव्हती. शेजारी फॉल, अस्तर आणि दोऱ्याच्या रिळांचं दुकान होतं. त्यांच्या आजोबांनी आणि आमच्या आजोबांनी मिळून ती सागवानी शिडी केली होती, कारण दोघांच्याही दुकानात ती कायमची उभी करायला जागा नव्हती. तेव्हा पद्धत अशी पडली होती, की माणूस वर चढला की शिडी काढून शेजारी द्यायची. खाली यायचं झालं की त्यानं माळ्याच्या फळीवर दोनदा ठोकायचं. मग खाली जो मोकळा असेल तो शेजारून शिडी आणून लावायचा. माणसाला वर ठेवून शिडी काढून न्यायची, यात काही चमत्कारिक आहे हे साठ वर्षांत दोन्ही घरांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवशी बेळगावकडचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला आले होते. नवरी, तिची आई, मावश्या, काका आणि नवरीची आजी, मिळून अकरा जण. त्यांना धर्मावरम साड्या दाखवायच्या म्हणून मी माळ्यावर चढले आणि रिवाजाप्रमाणे शिडी शेजारी गेली. मी वर खोकी उघडत असताना खाली काहीतरी चटचटलं. मग धूर आला. प्लास्टिक जळाल्याचा, घशात चिकटणारा.

मी फळीवर दोनदा ठोकलं आणि थांबले. इतकी शिस्तीची मुलगी होते मी, की आग लागली तरी दोनदाच ठोकलं आणि शिडीची वाट बघितली. मग धूर वाढला तशी मी दोन्ही हातांनी बडवायला लागले, ओरडायला लागले. पण खाली अकरा जण ओरडत होते, त्यात माझा आवाज कुठे ऐकू जाणार?

दोन फळ्यांच्या मधे बोटभर फट होती. त्यातून मला खालचं दिसत होतं. अण्णांनी गिऱ्हाइकांना एकेक करून बाहेर काढलं. आजींना उठता येईना, तर अण्णांनी त्यांना चक्क दोन्ही हातांवर उचललं. आजी चांगल्या भरदार होत्या. मला वाटलं, आता हे परत येतील.

ते परत आले. दाराशी गिऱ्हाइकांच्या चपला होत्या. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं पसरलं, सगळ्या चपला त्यात घेतल्या, गाठ मारली आणि गेले. वर बघितलं नाही.

मला उतरवलं शेजारच्या मामांनी, म्हणजे त्या फॉलच्या दुकानाच्या मालकांनी. ते बाहेर गर्दीत उभे होते. त्यांची नजर आपल्या दुकानात गेली, तिथे शिडी दिसली, आणि शिडी इथे आहे म्हणजे पोरगी वर आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ते शिडी खांद्यावर घेऊन धुरात शिरले. सगळं मिळून पाच मिनिटांचा मामला असेल. मला साधं खरचटलंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बेळगावकर परत आले आणि सगळा बस्ता आमच्याकडेच बांधला. आजींनी अण्णांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. एकाचीही चप्पल हरवली नाही, याचं त्यांना फार कौतुक होतं. ते गल्लीभर झालं. मला सगळ्यांना कॉफी द्यायला सांगितलं होतं. मी दिली.

अण्णा त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी एक लोखंडी शिडी करून आणली आणि भिंतीला बोल्टांनी कायमची जखडून टाकली. तिच्यामुळे एक कपाट जाग्यावरून हलवावं लागलं. सागवानी शिडी मामांना देऊन टाकली. मीही काही बोलले नाही. आमच्या घरी भांडण म्हणजे ताट जरा जोरात ठेवायचं, त्यापलीकडे कुणी गेलेलं नव्हतं.

पण मला ती शिडी चढता येईना. तिसऱ्या पायरीवर हात बधिर व्हायचे. सकाळी दुकानात उदबत्ती लागली की मी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. दार बंद झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून अंघोळीच्या वेळी आई पॅसेजमध्ये स्टूल टाकून पहारा द्यायची. आणि अण्णांचे गुडघे गेलेले होते, डॉक्टरांनी त्यांना जिना चढायलाही बंदी केलेली. म्हणजे भारी माल सगळा वर आणि वर जाणारं कुणी नाही. अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे, "तो माल संपला." गिऱ्हाईक त्या मालाच्या बरोबर खाली बसलेलं असायचं.

असं किती दिवस चालणार? अण्णांच्या एका चुलत भावानं निरोप धाडला, की तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, तोवर जमत नसेल तर दुकान मी चालवतो, मुलीचं लग्न करून टाका. अण्णा "बघू" म्हणाले. आमच्यात बघू म्हणजे अर्धा होकार. मला दुकान हवं होतं. लग्नाला माझी ना नव्हती, पण दुकान आधी हवं होतं. आणि त्याच्यासाठी अकरा पायऱ्या चढणं भाग होतं.

आईनं आधी घरचे उपाय केले. सुक्या मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकून माझी दृष्ट काढली. धुराला घाबरलेल्या मुलीवर मिरच्यांचा धूर. मी ठसकत अंगणात पळाले, तर आई म्हणाली, बघा, किती दृष्ट होती. मग अंगारा झाला, ताईत झाला. शेवटी आमच्या एका गिऱ्हाईक बाईंनी, त्या कॉलेजात शिकवायच्या, जे. पी. नगरमधल्या एका बाईंचा पत्ता दिला. मनाचं बघतात, औषध देत नाहीत, म्हणाल्या. औषध देत नाहीत हे ऐकून आई निराश झाली, पण गेलो.

त्या डॉक्टर नव्हत्या, पण आईनं त्यांना पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाई करून टाकलं. राहत्या घरातच समोरच्या खोलीत बसायच्या. वेताच्या दोन खुर्च्या, एक पंखा, आणि आत स्वयंपाकघरात त्यांच्या सासूबाई. पहिल्या दिवशी मी दार उघडं ठेवा म्हटलं तर त्यांनी दाराला वीटच लावली. बोलणं सगळं कन्नडमध्ये. त्यांनी समजावलं, की घडलेली गोष्ट मनात एका जागी अडकून बसते. आपण डोळे मिटून चित्र बघायचं. आधी मनाला निवांत वाटेल अशी एखादी जागा शोधायची, तिथे रोज जायची सवय करायची, आणि मग तिथून हळूहळू त्या अडकलेल्या जागेकडे जायचं. त्याला गाईडेड इमेजरी म्हणतात. आई त्याला डोळे मिटायचा क्लास म्हणायची.

पहिल्यांदा त्यांनी समुद्रकिनारा दाखवला. पायाखाली वाळू, हळू येणाऱ्या लाटा. समुद्र मी आयुष्यात एकदाच बघितला होता, कॉलेजच्या सहलीत, घाटातून बस उतरताना पोट रिकामं करून झाल्यावर. मला लाटांऐवजी ती प्लास्टिकची पिशवी दिसली. मी तसं सांगितलं. मग त्यांनी बाग दाखवली. माझ्या बागेत आईच्या मावसबहिणी फिरायला आल्या आणि माझ्या लग्नाचं विचारायला लागल्या. मग डोंगर दाखवला, तर तिथे थंडी वाजली. मी गादीवर बसून रोज बायका बघत होते, चाळीस साड्या उलगडायला लावून "पुन्हा येतो" म्हणणाऱ्या. त्या दिवशी कळलं की मी त्यांच्यातलीच. बाई काही वैतागल्या नाहीत. प्रत्येक वेळी "सरी", म्हणजे बरं, "दुसरं बघू" म्हणाल्या. शेजारच्या खुर्चीवर आईनंही कुणी न सांगता डोळे मिटले होते. तिला समुद्र पसंत पडला होता.

चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, तुम्हाला खरोखर बरं कुठे वाटतं? मी विचार न करता सांगितलं, दुकानात, दुपारी दोन वाजता.

दुपारी दोन ते तीन आम्ही शटर अर्धं ओढायचो. सकाळभर दाखवलेल्या साड्यांचा ढिगारा गादीवर पडलेला असायचा. त्यांच्या घड्या घालायच्या. सहावारी रेशमी साडीची घडी एकट्यानं नीट पडत नाही, दोघं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं. काठाला काठ लावायचा, साडी ताणायची, चालत एकमेकांकडे यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागे जायचं. बोलावं लागत नाही. शटरखालून उन्हाचा पट्टा आत आलेला असतो आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. जगात यापेक्षा निवांत काही असेल तर मला माहीत नाही.

"दुसरं टोक कुणी धरलंय?" बाईंनी विचारलं.

दुसरं टोक नेहमी अण्णा धरायचे. मी मिटल्या डोळ्यांनी बघितलं तर नुसते दोन हात होते, त्यांच्या वर ना मान ना चेहरा. मी म्हटलं, "कुणी नाही. खिळ्याला अडकवलीय." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

घरी सराव करायला म्हणून त्यांनी आपल्या आवाजात एक कॅसेट भरून दिली. दुकान, दुपार, घडी, मग शिडी, मग माळा, सगळं त्यात होतं. ती भरताना आत सासूबाईंनी कुकर लावला होता. त्यामुळे तिसऱ्या मिनिटाला, तुम्ही आता अगदी निवांत आहात, असं बाई सांगत असतानाच जोरदार शिट्टी व्हायची. बाई न अडखळता म्हणायच्या, आता एक दीर्घ श्वास घ्या. दोन मिनिटांनी दुसरी शिट्टी, पुन्हा श्वास. मग तिसरी. मग चपलांचा आवाज आणि गॅस बंद केल्याची खटक. नवीन भरून देते म्हणाल्या होत्या, दिली नाही. माझ्या मनाच्या निवांत जागेत कायम कुणाचा तरी वरणभात शिजत होता.

पुढची पायरी म्हणजे माळा. डोळे मिटून वर जायचं, धूर येऊ द्यायचा, फळीवर दोनदा ठोकायचं, आणि कुणीतरी शिडी घेऊन येतंय असं बघायचं. कुणीही चालेल, बाई म्हणाल्या, चित्र तुमचं आहे. माझ्या चित्रात शेजारचे मामा यायचे. खरे तेच आले होते, त्यामुळे त्यात कल्पना काही नव्हती. मग मी जरा हात सैल सोडला. एकदा सिनेमातला हिरो आणला, त्यानं शिडी न लावता सरळ उडी मारली. एकदा गणपती आणला, तो शिडीवर मावेना. बाई हसल्या, पण मला माळ्यावरून उतरल्यासारखं काही वाटेना.

एकदा आई आत सासूबाईंकडून हुळीची, म्हणजे तिकडच्या आंबट आमटीची, रेसिपी घ्यायला गेली. तेवढ्यात मी बाईंना चपलांचं सांगून टाकलं. तोवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. सांगताना मला हसू येत होतं, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. अकरा जोड चपला उपरण्यात बांधून नेणारा बाप. हसता हसता माझा आवाज फाटला. बाईंनी विचारलं, अण्णांशी हे बोललात का? मी म्हटलं, त्यांना माहीत आहे की, त्यांनीच उचलल्या.

मग त्यांनी सुचवलं, की चित्रात शिडी अण्णांना आणू दे. मी प्रयत्न केला. अण्णा यायचे, शिडीखाली थांबायचे, आणि दाराकडे तोंड करून कुणाला तरी विचारायचे, "कुठला रंग दाखवू?" कल्पनेतसुद्धा ते गिऱ्हाइकात गुंतलेले. मला त्यांचा राग होता, हे मला तेव्हा त्या वेताच्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. आग बाजूलाच राहिली. मला त्यांचा भयंकर राग होता.

कॅसेट मी संध्याकाळी घरी आल्यावर ऐकायची. ऐकून झाली की तशीच टेपरेकॉर्डरमध्ये सोडायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर ती पहिल्यापासून ऐकायला तयार, पूर्ण मागे आणलेली. मला वाटायचं आई करत असेल. आईला त्या यंत्राचं एकच बटण माहीत होतं, ते रेडिओचं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एका रविवारी सकाळी मी आणि अण्णा स्वयंपाकघरात बसलो होतो. मी शेंगा सोलत होते, अण्णा पेपर वाचत होते. आईनं कुकर लावला होता. शिट्टी झाली. मी सवयीनं डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मला आता कुठल्याही कुकरला तसं व्हायचं, शेजाऱ्यांच्यासुद्धा. श्वास सोडला तेव्हा समोरून तसाच सोडल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले. पेपराच्या वर अण्णांचे डोळे मिटलेले होते.

मी दुसऱ्या शिट्टीची वाट बघितली. शिट्टी झाली. अण्णांची छाती फुगली आणि सावकाश खाली गेली.

ते अंघोळीला गेल्यावर मी आईला विचारलं. आई पोळ्या लाटत होती, ती वळलीसुद्धा नाही. "दुपारी जेवून झालं की ऐकतात," म्हणाली. "रोज. मग तोंड धुतात आणि दुकानात जातात."

अण्णा एक वाजता घरी जेवायला यायचे आणि दोनला परत जायचे, तोवर दुकानात मी असायची. म्हणजे दोनला शटर अर्धं ओढून माझ्यासमोर साडीचं टोक धरणारा माणूस पाचच मिनिटांपूर्वी तोंड धुऊन आलेला असायचा. आणि प्रत्येक उलगडलेली साडी पुन्हा मूळ घडीत ठेवणाऱ्या माणसानं कॅसेट ऐकून ती पुन्हा मागे आणून ठेवली होती.

आधी मला संताप आला. अर्ध्या बाजाराला वाटून उरलेला बाप, आणि आता माझ्या आजारपणातही त्याचा वाटा. माझी कॅसेट, माझी निवांत जागा, माझा कुकर. रात्रभर मनातल्या मनात भांडले.

सोमवारी दुपारी एका जांभळ्या साडीची घडी घालताना मी विचारलं, "अण्णा, कॅसेट ऐकता?"

"हं."

"कशाला?"

त्यांनी काठाला काठ लावला. "त्या बाई सांगतात ना, शिडी आणा, वर जा. मी जातो."

"आणि गुडघे?"

"तिथं नाही दुखत."

आम्ही चालत एकमेकांकडे आलो. त्यांनी टोकं माझ्या हातात दिली आणि मागे न जाता तसेच उभे राहिले. "मी रोज वर येतो," म्हणाले. "तू तिथं नसतेस."

मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हटलं, "चपला न्यायला आलात तेव्हा होते. फळीतून बघत होते."

मी बघितलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पोचलं. चाळीस वर्षांत त्यांनी साडीचं टोक जमिनीला लागू दिलं नव्हतं, आता हातातली घडी सुटून सगळी साडी पायाशी पडली तरी त्यांना पत्ता नव्हता. मी कारणांची वाट बघत होते. धूर होता, घाई होती, वाटलं तू उतरलीस. इतके महिने मी त्यांच्या वतीनं ही सगळी कारणं स्वतःला सांगितली होती आणि एकही पटलं नव्हतं.

"विसरलो," अण्णा म्हणाले. "गिऱ्हाइकं मोजली. अकरा होती, अकरा भरली. तू घरातली, तुला मोजलंच नाही."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले आणि हाताला लागलेल्या ब्लाउजपीसला नाक पुसलं. अण्णांनी ते बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. तो ब्लाउजपीस पुढे कुणाला विकला गेला ते मी विचारलं नाही. मग आम्ही खाली पडलेली साडी उचलली, झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घातली. दोनदा घातली, कारण पहिल्यांदा काठ जुळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी धडाधड माळ्यावर चढले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. पण त्या आठवड्यात डोळे मिटले तर साडीच्या दुसऱ्या टोकाला हातांच्या वर मान होती, आणि कानातल्या केसांसकट अण्णांचा चेहरा होता. बाईंना सांगितलं तर त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग रोज दुपारी एकेक पायरी. अण्णा खाली उभे. चौथी, पाचवी. सातव्या पायरीवर आठ दिवस अडकले. चुलत काकांचे निरोप येत होते, अण्णा बघू म्हणत होते, आणि मी दहावीपर्यंत पोचले तेव्हा तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं.

सीझन सुरू झाला. एका सकाळी दुकान गच्च भरलेलं, गादीवर दोन बस्ते एका वेळी, दाराशी चपलांचा खच. एका बाईंनी मोरपंखी धर्मावरम मागितली. अण्णांनी सवयीनं तोंड उघडलं. ते "संपली" म्हणायच्या आत मी म्हटलं, "आहे. आणते."

चढले. दहाव्या पायरीवर थांबले नाही, थांबले असते तर खालीच आले असते. वर सगळं तसंच होतं. डांबराच्या गोळ्या, धूळ, खोकी, आणि त्या दिवशी उघडलेलं खोकं अजून उघडंच. मोरपंखी साडी मला लगेच सापडली. पण ती मांडीवर घेतली आणि हात बधिर झाले. शिडी बोल्टांनी जखडलेली होती, ती कुणी नेणं शक्य नव्हतं, धूर नव्हता, मला हे सगळं कळत होतं. तरी मी फळीवर ठोकलं. दोनदा.

खालचं बोलणं एकदम तुटलं. फटीतून मी बघितलं. अण्णांच्या हातात एका नवरीला दाखवायला उलगडलेली हिरवी साडी होती. ती त्यांनी होती तशी गादीवर टाकली, आणि लोखंडी शिडी वाजायला लागली. एक पायरी, मग मोठा श्वास. दुसरी, मग श्वास. गुडघ्यांच्या हाडांचा आवाज मला वरपर्यंत येत होता. फार वेळ लागला. मग माळ्याच्या तोंडाशी आधी त्यांचं टक्कल आलं, मग नाकावर घसरलेला चष्मा.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग ठोकलंस कशाला?"

"बघितलं," मी म्हटलं.

अण्णांनी दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरली होती. खालून कुणीतरी हाक मारली, अण्णा, या हिरवीची किंमत काय? अण्णा माझ्याकडे बघत होते. ते वळले नाहीत.

"थांबतील," म्हणाले.